विलिस्टन : तेल लागलेल्या गावाचं पुढे काय होतं?

(ऑडिओ भागाचा मजकूर. बोलतानाची अडखळ आणि फाजील 'म्हणजे' काढून टाकले आहेत. बाकी जसं बोललो तसं.)



सुरुवातीलाच एक प्रश्न, मनातल्या मनात उत्तर द्या. २०१४ साली अमेरिकेत सगळ्यात महाग घरभाडं कुठे होतं? न्यूयॉर्क? सॅन फ्रान्सिस्को? मीही तेच म्हणालो असतो. त्या वर्षी भाड्याची घरं शोधून देणाऱ्या एका वेबसाइटने यादी काढली, आणि त्यात पहिला नंबर लागला नॉर्थ डकोटा राज्यातल्या विलिस्टन नावाच्या गावाचा. सातशे चौरस फुटांचा, एका बेडरूमचा साधा फ्लॅट, भाडं महिन्याला २,३९४ डॉलर. आणि गाव केवढं? २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १४,७१६. आजूबाजूला गहू, गवत आणि वारा. त्यातल्या त्यात मोठं शहर म्हणजे मायनॉट, गाडीने दोन तासांवर, आणि तेही काही फार मोठं नाही.

मी या गावाला जाऊन आलोय. का गेलो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सॉफ्टवेअरवाला तेलाबद्दल कशाला बोलतोय. तेलाशी माझा संबंध पेट्रोल पंपापुरताच. पण माझं गाव राजापूर तालुक्यात आहे, आणि राजापूर म्हटलं की रिफायनरीचा विषय आलाच. आधी नाणार. २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं, मग बारसूचं नाव पुढे आलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी मिनियापोलिसला होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उभे दोन तट. काका एका बाजूला, आत्या दुसऱ्या. दोघं एकमेकांना गुड मॉर्निंगसुद्धा पाठवेनात.

एका रात्री काकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, तू तिथे अमेरिकेत आहेस ना? तिथे एवढं तेल निघतं म्हणतात. ज्या गावात निघतं, तिथल्या माणसांचं पुढे काय झालं, ते जरा बघून सांग. इथे जो येतो तो भाषण करून जातो."

आता हे आधीच कबूल करतो की तुलना सरळ नाही. बारसूच्या कातळाखाली तेल नाहीये. तिथे जे येणार होतं ते जहाजाने येणार, शुद्ध होणार आणि पुढे जाणार. विलिस्टनला तेल जमिनीतून वर येतं. पण काकांचा प्रश्न तेलाचा नव्हताच. अचानक मोठा पैसा आला की गावातल्या माणसाचं काय होतं, हा होता. म्हणून मे महिन्यातला लाँग वीकेंड बघून मी सेंट पॉलहून 'एम्पायर बिल्डर' पकडली. शिकागोहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाणारी ही गाडी रात्री निघते आणि विलिस्टनला दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला पोचते. अर्थात उशिरा. कोकणकन्याची आठवण झाली.

या गावाचा जन्मही रेल्वेमुळेच झालेला आहे, १८८७ साली. जेम्स हिल नावाच्या रेल्वेसम्राटाने आपल्या एका मित्राच्या नावावरून गावाला नाव दिलं. पुढची साठेक वर्षं शेती. मग ४ एप्रिल १९५१ या दिवशी, टियोगा गावाजवळ क्लॅरेन्स आयव्हर्सन या शेतकऱ्याच्या शेतात, राज्यातली पहिली तेलविहीर लागली. त्याच भागात हेन्री बाकेन नावाचे एक शेतकरी होते. त्यांच्या जमिनीतल्या विहिरीवरून खालच्या एका खडकाच्या थराला 'बाकेन' हे नाव पडलं. विचार करा, आपल्या आडनावाचा खडक! आज जगभरचे तेलवाले ते नाव घेतात.

पण या बाकेन थराची गंमत अशी की त्यात तेल आहे हे माहीत असूनही पन्नास वर्षं ते फारसं काढता आलं नाही. तीन किलोमीटर खोल, जाडी मात्र अगदी थोडी, आणि खडक इतका घट्ट की तेल वाहतच नाही. चिक्कीतला गूळ बोटाने काढायचा प्रयत्न करा, तसं काहीसं. मग २००० नंतर दोन तंत्रं एकत्र आली. एक, आधी सरळ खाली तीन किलोमीटर जायचं आणि तिथे वळून आडवं तेवढंच अंतर भोक पाडत जायचं. दोन, त्या आडव्या भोकातून प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायनं घुसवून खडकाला बारीक भेगा पाडायच्या. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत, आणि तेल हळूहळू पाझरतं. हेच ते फ्रॅकिंग.

आकडे बघा. २००७ मध्ये अख्ख्या नॉर्थ डकोटात दिवसाला साधारण सव्वा लाख पिंपं तेल निघत होतं. २०१४ मध्ये दहा लाखांच्या वर. सात वर्षांत आठपट.

आणि हे कधी झालं? २००८ च्या मंदीनंतर लगेच. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बेकारी दहा टक्क्यांवर गेली होती. घरं जप्त होत होती, कारखाने बंद पडत होते. आणि उत्तरेच्या एका कोपऱ्यात, जिथे हिवाळ्यात पारा उणे तीसवर जातो, तिथे कुणीही या, ट्रक चालवा, वर्षाला ऐंशी हजार, लाख डॉलर घ्या, अशी हाळी. देशात किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर असताना तिथे बर्गरच्या दुकानात पंधरा डॉलर मिळत होते. मग लोक आले. आयडाहोहून, फ्लोरिडाहून, टेक्सासहून. गाडी घेऊन, काही जण नुसती बॅग घेऊन.

राहणार कुठे?

इथेच सगळी गोष्ट आहे. पहिली एक-दोन वर्षं वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांत आणि कॅम्परमध्ये झोपत. मग दुकानाने तेही बंद केलं. एका चर्चने आपल्या फरशीवर झोपायची सोय केली. त्यावर 'द ओव्हरनाइटर्स' नावाचा माहितीपट आहे, २०१४ चा, मिळाला तर बघा. त्यात गावकरी वाईट नाहीत आणि आलेली माणसंही वाईट नाहीत, तरी सगळ्यांचं बिनसतं. कंपन्यांनी 'मॅन कॅम्प' उभारले, म्हणजे कंटेनरसारख्या खोल्यांच्या रांगाच रांगा, शेकडो पुरुष, बारा-बारा तासांच्या पाळ्या, दोन आठवडे काम की एक-दोन आठवडे घरी. गावातल्या बायकांना संध्याकाळी एकटीने दुकानात जायला नको वाटू लागलं. एकेका विहिरीसाठी ट्रकच्या दोन हजारांच्या आसपास फेऱ्या होतात, पाणी आणायला, वाळू आणायला, घाण पाणी न्यायला. जिथे तासाला एक ट्रॅक्टर जायचा त्या रस्त्यांवर ही रांग. अपघात वाढले, धूळ तर विचारूच नका.

वॉटफर्ड सिटी म्हणून शेजारचं आणखी लहान गाव आहे, तिथल्या हॉटेलात वाढणाऱ्या एका ताईंशी बोललो. त्या नवऱ्याबरोबर २०१२ मध्ये आयडाहोहून आल्या. पहिला हिवाळा कॅम्परमध्ये काढला. कॅम्परखालून वारा शिरून पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून सभोवार गवताचे भारे आणि थर्मोकोलचे तुकडे लावले होते म्हणे. "वर्षभर राहून कर्ज फेडायचं आणि परत जायचं, असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. अकरा वर्षं झाली. मुलगा इथल्याच शाळेत आहे.

आता भाड्याकडे परत येतो. २,३९४ डॉलर भाडं तेल कंपनी देऊ शकते, लाखभर कमावणारा ट्रकवाला चार जणांत मिळून देऊ शकतो. पण जी आजी तीस वर्षं त्याच फ्लॅटमध्ये राहते आणि जिची पेन्शन ठरलेली आहे, तिचं काय? शेकड्यांतलं भाडं दोन हजारांवर गेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली म्हातारी माणसं गाव सोडून मुलांकडे, दुसऱ्या राज्यात निघून गेली. शिक्षक मिळेनात, पोलीस मिळेनात, कारण त्या पगारात घर मिळत नव्हतं. गाव वाढत होतं आणि गावातलेच लोक बाहेर पडत होते. तेल लागलं म्हणजे गाव श्रीमंत झालं, असं आपण सहज बोलतो. पण गाव नावाचं एक माणूस नसतं हो. घरमालक वेगळा, भाडेकरू वेगळा.

आणि शेतकरी? मला वाटलं होतं, ज्याच्या शेतात तेल तो शेतकरी राजा. इथे माझं गणित चुकलं.

गाडीत मायनॉटला एक आजोबा चढले होते. ऐंशीच्या पुढचे, जन्म तिथलाच. मी इंडियातून आलोय आणि मुद्दाम विलिस्टनला चाललोय म्हटल्यावर आधी हसले, मग बोलायला लागले. अमेरिकेत जमिनीचा वरचा हक्क आणि खालच्या खनिजाचा हक्क वेगवेगळे करून विकता येतात. आपल्याकडे हा प्रश्न येत नाही, कारण जमिनीखालचं तेल शेतकऱ्याचं नसतंच, सरकारचं असतं. तिथे मात्र तुम्ही शेत विकू शकता आणि खालचं तेल स्वतःकडे ठेवू शकता. किंवा उलट. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकत्र आली, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारी संस्थांकडे गेल्या, आणि त्या परत विकताना या संस्थांनी खनिजाचा वाटा आपल्याकडे राखला. पुढे वाटण्या झाल्या, मुलं शहरात गेली, कुणी जमीन विकली आणि खनिज ठेवलं, कुणी दोन्ही विकलं.

आजोबांच्या वडिलांनी दोन्ही विकलं होतं. १९६० च्या आसपास. तेव्हा खालच्या हक्काला कुणी फारसं विचारत नव्हतं. शेजाऱ्याने मात्र खालचं ठेवून फक्त वरचं विकलं. त्याची नातवंडं आता ॲरिझोनात असतात आणि दर महिन्याला त्यांना रॉयल्टीचा चेक जातो. निघालेल्या तेलाच्या किमतीचा आठवा हिस्सा, कधी सहावा. आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आम्ही दोघांच्या घरांनी एकच गहू पेरला."

यापुढे मी बराच वेळ काही विचारलं नाही.

ज्याच्याकडे फक्त वरचा हक्क आहे, त्याला विहीर नको म्हणता येत नाही. खालचा मालक वरचढ. वरच्याला नुकसानभरपाई मिळते, पण रस्ता जातो त्याच्या शेतातून, ट्रक त्याच्या दारावरून, आणि काही सांडलं तर त्याच्या मातीत. सप्टेंबर २०१३ मध्ये टियोगाजवळ एक शेतकरी गव्हाची कापणी करत होता, तेव्हा त्याला जमिनीतून तेल उकळ्या फोडत येताना दिसलं. पुरलेली पाइपलाइन फुटली होती. वीस हजारांहून जास्त पिंपं तेल शेतात गेलं. साफ करायला वर्षानुवर्षं लागली, माती खणून, भाजून तेल काढून, परत टाकत. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी तर तेलापेक्षा वाईट. समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट. ते जिथे सांडतं तिथे पुढे किती वर्षं गवताचं पातं उगवत नाही.

बुमच्या काळात तिथल्या जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये म्हणे पाय ठेवायला जागा नसायची. तेल कंपन्यांचे 'लँडमन' दिवसभर जुनी दस्तांची बाडं चाळत बसायचे. कुठल्या एकराखालचा कितवा हिस्सा कुणाच्या पणजीच्या नावावर आहे, तिचे वारस कुठे आहेत, हे शोधून त्यांना फोन करायचे. काही वारसांना तो फोन येईपर्यंत नॉर्थ डकोटात आपलं काही आहे हेच माहीत नव्हतं. कोकणातल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, सांगायला नको. आमच्याकडेही प्रकल्पाची कुणकुण लागली आणि कधी न पाहिलेली माणसं कातळ विकत घ्यायला गावात यायला लागली. मुंबईतल्या कुठल्या तरी चुलतचुलत्याची सही आणली की झालं.

अजून एक थर आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. विलिस्टनच्या आग्नेयेला फोर्ट बर्थोल्ड नावाची आदिवासींची राखीव भूमी आहे, मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींची. मिसुरी नदीकाठची त्यांची सगळ्यात सुपीक जमीन, जवळजवळ दीड लाख एकर, गॅरिसन धरणाखाली गेली. धरण १९५३ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी १९४८ चा एक फोटो आहे. जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट वॉशिंग्टनमध्ये करारावर सही होताना उभे आहेत, चष्मा हातात, तोंडावर हात धरून रडतायत. कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरातली माणसं हा कार्यक्रम ऐकत असतील, त्यांना फोटो न बघताही कळेल. गाव बुडालं, वर नवीन गाव वसवलं. त्याचं नाव काय ठेवलं? 'न्यू टाउन'. बस. आणि मग साठ वर्षांनी त्याच उरलेल्या माळाखाली बाकेनचं तेल निघालं. पैसा आला, ट्रक आले, नशा आली, सगळं एकदम. न्यू टाउनहून भरून निघालेली तेलाची गाडी ६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात रुळावरून घसरली आणि पेटली. ४७ माणसं गेली. त्या माणसांनी बाकेन हे नाव तरी ऐकलं होतं की नाही, कोण जाणे.

बरं. तर गाव एवढं वाढतंय, मग नगरपालिकेने आधीच घरं, रस्ते, गटारं का नाही केली? मी हे जरा तोऱ्यातच विचारलं होतं आजोबांना. त्यांनी १९८० च्या दशकाची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तेलाचे भाव चढले तेव्हाही असाच बूम आला होता. गावाने उत्साहात नव्या वसाहतींसाठी कर्ज काढून रस्ते केले, पाणी, ड्रेनेज, दिवे. मग भाव कोसळले, बिल्डर पळाले, आणि कर्ज गावाच्या गळ्यात. किती तरी वर्षं रस्ते होते, दिव्याचे खांब होते, आणि मधे घरांच्या जागी नुसतं गवत. त्या गवताचे हप्ते गावाने फेडले. त्यामुळे २००८-०९ मध्ये कंपन्या सांगत होत्या की या वेळी खरंच मोठं आहे, तेव्हा गावाने एकदा तोंड भाजलेल्या माणसासारखं ताक फुंकून प्यायलं. आणि नेमकं त्याच वेळी खरंच मोठं होतं.

मी ज्या धंद्यात आहे तिथे लोड वाढला की आम्ही आणखी मशीन चालू करतो, लोड उतरला की बंद करतो. दोन मिनिटांचं काम, पैसे वापरले तेवढेच. गटाराचं असं करता येत नाही. पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना, काहीच असं करता येत नाही. पुरलेला पाइप उकरून कुणी परत घेत नाही. आणि बांधायचं की नाही हे ठरवणारा भाव ठरतो कुठे? सौदी अरेबियात, न्यूयॉर्कच्या बाजारात, चीनच्या कारखान्यांत. विलिस्टनच्या नगरपालिकेत नाही.

शेवटी गावाने बांधायला घेतलं, आणि जोरात घेतलं. अपार्टमेंट, हॉटेलं, मोठं क्रीडा संकुल. तोवर २०१४ चा उन्हाळा संपला होता. जूनमध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली आला. मे २०१२ मध्ये राज्यात २१८ रिग चालू होत्या. मे २०१६ मध्ये उरल्या २७. आणि इथे फ्रॅकिंगचा स्वभाव समजून घ्यायला हवा. एका विहिरीतलं उत्पादन पहिल्याच वर्षात अर्ध्याहून खूप खाली येतं. म्हणून सतत नवीन विहिरी पाडत राहावं लागतं. आणि माणसं लागतात ती विहीर पाडायला, शंभराच्या वर. एकदा तेल चालू झालं की देखरेखीला चारदोन जण पुरतात. त्यामुळे रिग थांबल्या की तेल लगेच थांबत नाही, पण माणसं थांबतात. लोक आले होते तसे एका रात्रीत गाड्या भरून निघून गेले. गावाने मग मॅन कॅम्प बंद करायचा निर्णय घेतला, कारण नवी बांधलेली हॉटेलं आणि फ्लॅट रिकामे पडले होते.

मी ज्या मोटेलमध्ये उतरलो ते चालवणारे गृहस्थ निघाले गुजरातमधल्या आणंदचे. अमेरिकेत कुठल्याही आडगावातलं मोटेल, काउंटरवर गुजराती माणूस, हे काही नवीन नाही, पण त्या वाऱ्यात हिंदी ऐकून बरं वाटलं. चहा पाजला, आलं घालून. म्हणाले, "भाई, २०१३ में एक कमरा खाली नहीं था, लोग लॉबी में सोने के पैसे देते थे. २०१६ में रात को बाहर खड़ा होकर देखता था, चार खिड़कियों में लाइट." आणि मग हसून, "लोन की किश्त दोनों साल सेम थी."

मी कल्पना केली होती की आता मला एक भुताटकीचं गाव दिसणार. बुम संपला, पत्रे खडखडतायत, वगैरे. तसं नाहीये. उलट मला सगळ्यात आश्चर्य याचंच वाटलं. २०२० च्या जनगणनेत विलिस्टन २९,१६० वर पोचलं, दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. वॉटफर्ड सिटी १,७४४ वरून ६,२०७. एकटे पुरुष गेले, पण जे बायकामुलांना घेऊन आले होते त्यांच्यातले पुष्कळ राहिले. गावात तरुण आई-बाप दिसतात, शाळा भरलेल्या आहेत, नवीन बांधल्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, साधारण २७ कोटी डॉलर खर्चून. सहा महिन्यांत कोविड आला, आणि २० एप्रिल २०२० ला तेलाचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. म्हणजे तेल विकणारा घेणाऱ्याला वर पैसे देतोय! हे गाव असंच आहे, दर वेळी नवीन कपडे शिवून होतात आणि लग्न मोडतं. पण कपडे वाया जात नाहीत, कुणी तरी घालतं.

एक गोष्ट मात्र राज्याने शहाणपणाची केली. २०१० मध्ये लोकांचं मतदान घेऊन 'लेगसी फंड' काढला. तेलाच्या करातले तीस टक्के त्यात टाकायचे, आणि २०१७ पर्यंत हात लावायचा नाही. हा फंड माझ्या मते त्या सगळ्या बुममधली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची गोष्ट आहे. फक्त, तो फंड राज्याचा. गाव सोडून गेलेल्या आजीला त्यातून तिचा फ्लॅट परत मिळाला नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी मी हायवे ८५ वरून गाडी हळू चालवत आलो. मे महिन्यात तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. गव्हाचे नुकतेच उगवलेले कोंब, मधे घोड्यासारखी मान हलवणारे पंप, आणि लांब लांब उंच नळ्यांच्या टोकाला जळणाऱ्या ज्वाळा. तेलाबरोबर येणारा गॅस वाहून न्यायला पाइप नसला की तो असा जाळून टाकतात. बुमच्या वर्षांत जवळपास तीस टक्के गॅस असा जळत होता, रात्री अवकाशातून हा ओसाड भाग एखाद्या महानगरासारखा दिसायचा. आता कमी झालंय, तरी मी मोजल्या, नजरेच्या टप्प्यात नऊ. गाडी बाजूला घेऊन काच खाली केली तर त्यांचा आवाज येत होता. घरघर अशी, गिरणीसारखी.

तिथूनच काकांना फोन लावला. इकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं, भाडं, ट्रक, आजोबा, दोन शेजारी आणि त्यांचा गहू. काका मधे काही बोलले नाहीत, जे त्यांच्या स्वभावात नाही. मग म्हणाले, "म्हणजे कागदावर नाव होतं त्याला मिळालं."

मी म्हटलं, "हो. आणि तो तिथे राहत नव्हता."

"आपल्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत, माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, "नाही. किती?"

"एकोणतीस. त्यातली अकरा माणसं हयात नाहीत."

पाठीमागून आत्याचा आवाज आला, "बारा. दादांना धरून बारा." म्हणजे ती काकांच्या घरी आली होती.